सिंधू करार फाडला? आधी तो कसला करार आहे ते तरी बघा

२०२५ च्या एप्रिलमधे पहलगामचा हल्ला झाला, दुसऱ्याच दिवशी सरकारने सिंधू जल करार स्थगित केल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून आमच्या जळगाव-धुळ्यात मार्केट यार्डाच्या कट्ट्यापासून ते रिटायर्ड मास्तरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत जो वाद चाललाय तो ऐकून कान किटले. एक पार्टी म्हणते फाडला ते बरं झालं, आता एक थेंब जाऊ देऊ नका, कागदले कोन इचारस भो. दुसरी पार्टी म्हणते आंतरराष्ट्रीय कायदा नावाचं काही आहे की नाही, सही केली म्हणजे केली, भारताला त्याला हातच लावता येत नाही. एक मोठ्याने बोलतो म्हणून दुसरा त्याहून मोठ्याने बोलतो, आणि गंमत अशी की दोघांची चूक एकच आहे. जगातले सगळे करार एकाच मापाचे असतात, मोडायचे तर सगळे मोडता येतात नाहीतर एकही मोडता येत नाही, असं धरूनच दोघं भांडायला बसलेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते ठरवता येईल. करार मोडता येतो का या प्रश्नाला एक उत्तर नाही, तो कुठल्या प्रकारचा करार आहे यावर ते ठरतं. सिंधू करार हा मुळात वाटणीचा करार आहे. असा करार एका बाजूने संपत नाही, पण तो पुन्हा मांडायला भाग पाडता येतं, आणि भारताने स्थगितीचा उपयोग फक्त तेवढ्याचसाठी करावा, नवा मसुदा टेबलावर आणायला. फाडला फाडला म्हणून नाचण्यात आपलंच नुकसान आहे, आणि हात लावता येत नाही म्हणून गप्प बसण्यातही आपलंच.

थोडं कायद्याचं बोलावं लागेल, इलाज नाही. करारांचा कायदा म्हणून जो सांगितला जातो तो १९६९ चा व्हिएन्ना करार, लागू झाला १९८० पासून. भारताने त्यावर कधी सही केली नाही, पाकिस्तानने सही केली पण पुढे मंजुरी दिली नाही. तरी त्यातले बहुतेक नियम रूढी म्हणून सगळ्यांनाच लागतात असं मानलं जातं, त्यामुळे 'आम्ही त्यात नाहीच' म्हणून सुटका होत नाही. या कायद्यात कागदाच्या डोक्यावर ट्रीटी लिहिलंय, कन्व्हेन्शन लिहिलंय की प्रोटोकॉल, याला किंमत नाही. कतार आणि बहरीनच्या मंत्र्यांनी १९९० ला दोह्यात एका बैठकीच्या मिनिट्सवर सह्या केल्या, नंतर बहरीनचे परराष्ट्रमंत्री म्हणाले अहो मी काही करार म्हणून सही केली नव्हती, तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९४ ला सांगितलं की तुमच्या मनात काय होतं ते राहू द्या, कागदावर तुम्ही बांधून घेतलंय, हा करारच आहे. म्हणजे नावावरून काही कळत नाही. आत काय ठरलंय, कोणाकोणात ठरलंय आणि बाहेर पडायची वाट ठेवलीय की नाही, हे बघावं लागतं.

एका प्रकारच्या करारात देवाणघेवाण नसतेच. सगळी राष्ट्रं मिळून एक नियम घालून घेतात, कायदा केल्यासारखा. १९४९ चे जिनिव्हा करार तसे आहेत. समजा पाकिस्तानने आपल्या पकडलेल्या जवानाला छळलं, तर त्यांच्या जवानाला छळायची परवानगी आपल्याला मिळते का? नाही मिळत. समोरच्याने भंग केला म्हणून माणसाच्या संरक्षणाच्या तरतुदी गुंडाळता येत नाहीत हे व्हिएन्नाच्या ६० व्या कलमातच लिहिलंय. १९७१ ला आपल्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी होते, त्यांच्या फौजेने ढाक्यात काय केलं ते सगळ्या जगाने बघितलं होतं, तरी आपण त्यांना युद्धकैदी म्हणून सांभाळलं आणि परत पाठवलं. २०१९ ला आपला वैमानिक त्यांच्या हद्दीत उतरला तेव्हा जिनिव्हाचंच नाव घेऊन आपण त्याला मागितलं आणि तिसऱ्या दिवशी रात्री तो वाघ्याच्या फाटकातून परत आला, त्यामागे राजकीय दबाव होता हे मान्य, पण दबाव आणायला हातात काहीतरी लागतंच ना. 'कागदले कोन इचारस' म्हणणाऱ्यांनी त्या रात्री टीव्हीसमोर बसून त्या कागदाचीच वाट बघितली होती.

दुसरा प्रकार सौद्याचा. तुम्ही हे द्या, आम्ही ते देतो, आणि पटलं नाही तर इतक्या महिन्यांची नोटीस देऊन मोकळे. अमेरिका करार मोडते, आपण का नाही, असं जे म्हणतात त्यांची बहुतेक उदाहरणं या जातीची असतात. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर बंधन घालणारा १९७२ चा करार अमेरिकेने सोडला तो डिसेंबर २००१ ला सहा महिन्यांची नोटीस देऊन, कारण करारात तशी वाट होती. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा १९८७ चा करार २०१९ ला सोडला, तोही नोटीस देऊनच. शहाणपणा होता की नव्हता तो वेगळा विषय, पण दार होतं आणि त्या दारातून ते बाहेर गेले. आपणही गेलोय की. व्हाइट इंडस्ट्रीज नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०११ ला गुंतवणूक कराराखाली भारताविरुद्ध लवादात केस जिंकली, आणि जिंकली कशी तर भारत-ऑस्ट्रेलिया करारातल्या एका कलमाला धरून भारत-कुवेत करारातली जास्त फायद्याची तरतूद उचलली. दिल्लीला घाम फुटला. २०१६-१७ च्या सुमारास आपण पन्नासहून जास्त देशांना गुंतवणूक करार संपवायच्या नोटिसा पाठवल्या, कायदेशीरपणे, कोणी ओरडलं तरी कोर्टात गेलं नाही. पण अशा बऱ्याच करारांना शेपूट असतं, करार संपला तरी आधी आलेल्या गुंतवणुकीला पुढची १०-१५ वर्षं संरक्षण चालूच. सही करताना ते शेपूट कोणी मोजलं होतं?

आणि तिसरा प्रकार, ज्यावरून हा सगळा लेख, तो हद्दीचा आणि वाटणीचा. आपल्याकडे शेत बटाईने दिलं तर हंगाम संपला की विषय संपला, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा. पण भावाभावांत वाटणी झाली, मोजणी झाली, सातबारे वेगळे झाले, की पुढे बोलणं बंद झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या, एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालं तरी बांध जागचा हलत नाही. राष्ट्रांचंही तसंच आहे. परिस्थिती मुळापासून बदलली म्हणून करारातून बाहेर पडायची सोय व्हिएन्नाच्या ६२ व्या कलमात आहे, पण हद्द ठरवणारे करार तिथे मुद्दाम वगळलेत. लिबिया आणि चाडचा वाद बघा, हे उदाहरण कोणी देत नाही पण सगळ्यात बोलकं आहे. चाड तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होतं, म्हणून १९५५ ला फ्रान्स आणि लिबियात करार झाला, मुदत २० वर्षं. पुढे लिबियाने सीमेवरचा औझूचा पट्टा बळकावला, लढाया झाल्या. १९९४ ला न्यायालयाने काय म्हटलं, तर कराराची मुदत संपली असेल, पण त्याने जी सीमा ठरली ती करारासोबत मरत नाही. गद्दाफीसारख्या माणसाने त्याच वर्षी त्या पट्ट्यातून सैन्य काढून घेतलं.

आमच्या खान्देशाला हे कोणी शिकवायची गरज नाही खरं तर, कारण हा अख्खा मुलुख अशाच एका कागदाने हातातून हातात गेलाय. महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरला तह झाला, गादीवर अल्पवयीन मल्हारराव. त्या तहात सातपुड्याचा आणि त्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलुख इंग्रजांना देऊन टाकला, त्यात खान्देश आला. फेब्रुवारीच्या शेवटी जनरल हिस्लॉप फौज घेऊन तापीकाठच्या थाळनेरला पोचला, किल्ला ताब्यात द्या, तुमच्या धन्याने सही केलीय. किल्लेदार तुळशीराम मामा ऐकेना. तोफा चालल्या, एकामागून एक दरवाजे पडले, शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून दोन-चार इंग्रज अधिकारी वाकून आत शिरले आणि तिथेच कापले गेले, मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. कारण? तह झाल्यावर लढणारा तो सैनिक राहिला नाही, बंडखोर ठरला. याच्यावरून लंडनच्या पार्लमेंटातसुद्धा प्रश्न निघाले, पण मुलुख गेला तो गेलाच. किल्लेदार चूक होता का? मला विचाराल तर नाही. पण मुलुख देणारा तह एकदा अमलात आला की त्यात मोडण्यासारखं काही उरतच नाही, हे थाळनेरच्या पडक्या बुरुजावर उभं राहिलं की पुस्तकापेक्षा लवकर कळतं. शिरपूरहून जवळच आहे, जाऊन या.

आता सिंधू करार उघडून बघू. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या, जागतिक बँकेचीही काही तरतुदींपुरती सही आहे. पूर्वेच्या तीन नद्या म्हणजे रावी, बियास, सतलज आपल्या, पश्चिमेच्या सिंधू, झेलम, चिनाब त्यांच्या, त्यावर आपल्याला ठराविक सिंचन, ठराविक साठा आणि वीजनिर्मितीची मुभा. पाणी दरवर्षी मोजून अर्धं-अर्धं नाही, नद्याच वाटून घेतल्यात. वरून आपण त्यांना पर्यायी कालव्यांसाठी सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दिले, दहा हप्त्यांत, १९६५ चं युद्ध झालं तरी. बाराव्या कलमात लिहिलंय की हा करार दोघांनी मिळून दुसरा करार करून बदलेपर्यंत किंवा संपवेपर्यंत चालू राहील. नोटीस देऊन निघायचं दार नाही, मुदत नाही. याला वाटणीपत्र नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? काही अभ्यासक म्हणतील पाण्याचा करार आणि सीमेचा करार एक नव्हे, कबूल, तंतोतंत एक नाही. पण डॅन्यूबच्या केसमधे (ती पुढे येते) न्यायालयाने नदीवरच्या कराराला प्रदेशाशी जोडलेली व्यवस्था मानलंय, म्हणजे देशाचे तुकडे झाले तरी नदीसोबत करार वारसाने येतो. सौद्यापेक्षा तो वाटणीच्याच जवळ जातो.

पहिल्या पार्टीचा सगळ्यात जड मुद्दा मान्य करायलाच हवा. ज्याच्या भूमीवरून माणसं येऊन आपली माणसं मारतात त्याच्याशी सद्भावनेने पाणी कसं वाटायचं? कराराच्या प्रस्तावनेतच सद्भावना आणि मैत्रीचा उल्लेख आहे, ती उरलीय कुठे? शिवाय करारानेही आपल्याला कमी छळलेलं नाही. सलालचं धरण बांधताना १९७८ ला पाकिस्तानच्या आक्षेपांपुढे नमून गाळ सोडायचे खालचे दरवाजे बंद करावे लागले आणि जलाशय गाळाने भरून गेला. झेलमवरच्या तुळबुल प्रकल्पाचं काम १९८७ पासून अडकलं. किशनगंगा आणि रातले या आपल्या वीजप्रकल्पांच्या वादात जागतिक बँकेने तटस्थ तज्ज्ञही नेमला आणि लवाद न्यायालयही, एकाच भांडणाला दोन पंच. १९६० ला हिमनद्या वितळण्याचं, आजच्या लोकसंख्येचं, स्वच्छ विजेच्या गरजेचं गणित कोणी केलं होतं? हे सगळं खरं. पण यातून निष्कर्ष काय निघतो ते जरा थंड डोक्याने बघा. भंगाचं कलम म्हणतं की *त्या* कराराचा भंग झाला पाहिजे, आणि दहशतवाद कितीही मोठा गुन्हा असला तरी तो पाणी कराराच्या कुठल्या कलमाचा भंग नाही. त्यापेक्षा भक्कम जमीन आहे ती प्रत्युपायाची, म्हणजे समोरच्याने माझ्याविरुद्ध बेकायदा वागणूक केली तर ती थांबेपर्यंत मीही माझं एक बंधन बाजूला ठेवतो. अट एवढीच की तो उपाय तात्पुरता हवा, प्रमाणात हवा आणि मागे घेता येण्यासारखा हवा. सरकारने 'रद्द' म्हटलं नाही, पाकिस्तान दहशतवाद कायमचा सोडेपर्यंत स्थगित म्हटलं, यात मला तरी कोणीतरी विचार केलेला दिसतो. मग आपण कट्ट्यावर बसून 'फाडला' म्हणत सरकारचीच केस का कमजोर करतोय?

बळी तो कान पिळी हा दुसरा मुद्दा. मोठे देश करार मोडतात आणि त्यांचं कोणी वाकडं करत नाही. यात तथ्य आहे, अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात युक्रेनला १९९४ ला बुडापेस्टमधे दिलेल्या सुरक्षेच्या हमीचं काय झालं ते आपण डोळ्याने बघतोय. पण इतिहासात मोडून पचवलेली उदाहरणं नीट बघितली तर ती वेगळंच सांगतात. १८५६ च्या पॅरिसच्या तहाने रशियाला काळ्या समुद्रात लढाऊ जहाजं ठेवायला बंदी होती. १८७० ला फ्रान्स प्रशियाशी झुंजण्यात गुंतलेला बघून रशियाने एकतर्फी जाहीर केलं की ही बंदी आता आम्ही पाळणार नाही. इंग्लंड खवळलं. शेवटी १८७१ ला लंडनमधे परिषद भरली, आणि तिथे आधी सगळ्यांनी, रशियासकट, ठरावावर सह्या केल्या की इतरांच्या संमतीशिवाय कोणालाच करारातून स्वतःला मोकळं करून घेता येत नाही, आणि मग लगेच दुसऱ्या कागदावर रशियाला हवं होतं ते देऊन टाकलं. ढोंग? थोडं आहेच. पण रशियाला समुद्र मिळाला तो त्या घोषणेच्या जोरावर मिळवलेल्या नव्या करारामुळे, नुसती घोषणा राहिली असती तर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक जहाजामागे एक भांडण उभं राहिलं असतं. याच्या उलट १९१४. बेल्जियमच्या तटस्थतेची १८३९ ची हमी जर्मनीने 'कागदाचा चिटोरा' म्हणून उडवून लावली, आणि त्या चिटोऱ्यापायी इंग्लंड युद्धात उतरलं. आता सांगा, आपल्याला यातला कुठला रस्ता पाहिजे?

डॅन्यूबची गोष्ट तर नदीचीच आहे. १९७७ ला हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाने मिळून धरणं आणि वीजघरं बांधायचा करार केला. १९८९ ला हंगेरीने काम थांबवलं, पर्यावरणाचं नुकसान म्हणून, आणि १९९२ ला करारच संपवल्याचं कळवलं. कारणं अगदी आपल्या ओळखीची होती: राजवट बदलली, काळ बदलला, शास्त्र पुढे गेलं, समोरच्यानेच भंग केला. तिकडे दुसऱ्या बाजूने स्वतःच्या हद्दीत वेगळा बांध घालून ऑक्टोबर १९९२ ला नदीच वळवली. १९९७ ला न्यायालयाने दोघांनाही झापलं. हंगेरीचं काम थांबवणं चूक, नदी वळवणंही चूक, आणि करार? तो जिवंत आहे, बसा आणि वाटाघाटी करा. दोन्ही बाजूंनी मोडूनही करार मेला नाही. उद्या आपली केस कुठल्याही तटस्थ माणसापुढे गेली तर तो याच निकालाचं पान उघडणार, हे दिल्लीतल्या वकिलांना माहीत आहे, फक्त आमच्या ग्रुपच्या ॲडमिनला माहीत नाही.

आणि समजा कायदा-बियदा सगळा बाजूला ठेवला, तर पाणी अडवायचं कशात? घोषणेने नदी थांबत नाही हे तापीकाठच्या माणसाला सांगायला नको. तापीत आपल्या वाट्याचं पाणी आहे असं कागदावर म्हणतो आपण, आणि अमळनेर तालुक्यातलं पाडळसरे धरण पंचवीस वर्षांहून जास्त काळ 'चालू' आहे, आंदोलनं होतात, निधीचे आकडे पेपरात येतात, आणि पावसाळ्यात तेच पाणी डोळ्यादेखत खाली गुजरातेतल्या उकाई धरणाकडे जातं. सिंधूचंही वेगळं काही नाही. पश्चिमेच्या नद्यांवर कराराने आपल्याला ३६ लाख एकर-फूट साठा करायची मुभा दिलीय, तो आपण जवळजवळ केलाच नाही. रावी तर पूर्ण आपलीच, तिचं वाहून जाणारं पाणी अडवायला शाहपूरकंडी धरणाचं काम २०२४ पर्यंत लांबलं. चिनाबवर बगलिहार आणि सलाल आहेत ते वाहत्या पाण्यावरचे वीजप्रकल्प, तिथे दरवाजे बंद केले तर काही दिवस पाणी थोपेल, मग वरून वाहायला लागेल. जे हक्काचं होतं ते साठ वर्षांत वापरलं नाही त्याचा राग कराराच्या नावाने काढायचा, ही कुठली देशभक्ती?

दुसऱ्या पार्टीला सोडतोय असं समजू नका. सही म्हणजे दगडावरची रेघ, हे त्यांचं म्हणणंही अर्धवटच आहे. त्यांच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जून २०२५ चा लवाद न्यायालयाचा निर्णय, त्यात भारताच्या स्थगितीने या न्यायालयाचा अधिकार जात नाही असं सांगितलं, भारताने तो फेटाळला कारण ते न्यायालयच आपण मानत नाही. पण त्याच कराराचं बारावं कलम बदलाची वाटही दाखवतं आणि भारताने त्याखाली जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ ला रीतसर नोटिसा दिल्या, पहलगामच्या कितीतरी आधी. पाकिस्तान टेबलावर आलाच नाही. वाटणी पुन्हा तपासा म्हणून दोनदा लेखी सांगूनही समोरचा दार उघडत नसेल तर कडी वाजवायचा काहीतरी जोरदार मार्ग लागणारच की. वाटणीचा करार मोडत नाही याचा अर्थ तो बदलत नाही असा होत नाही.

मात्र हे करताना आपण नदीच्या दोन्ही टोकांना आहोत हे विसरून चालणार नाही. सिंधूवर आपण वर आहोत, ब्रह्मपुत्रेवर खाली. चीनशी आपला पाणीवाटपाचा करारच नाही, होते ते फक्त पुराच्या आकडेवारीचे समझोते, आणि २०२५ च्या जुलैत चीनने तिबेटमधे त्या नदीवर राक्षसी वीजप्रकल्पाचं काम सुरू केलं. वरच्याने काहीही करावं असं आपण आज चिनाबवर म्हटलं तर उद्या अरुणाचलात हेच वाक्य ऐकून घ्यावं लागेल. बांगलादेशासोबतचा १९९६ चा गंगा करार तीस वर्षांचा, डिसेंबर २०२६ ला त्याची मुदत संपते. तो बटाईच्या जातीचा, म्हणून तो संपू शकतो, पण त्याच्या नव्या अटी ठरवताना ढाका सिंधूचं उदाहरण काढणारच. आणि पाकिस्तानने लगोलग शिमला करार स्थगित ठेवायची भाषा केली तीही अशीच अंगलट येणारी आहे, कारण १९७२ च्या त्या कराराने नियंत्रण रेषा एकतर्फी बदलायची नाही असं दोघांनी बांधून घेतलंय. ते बंधन गेलं तर रेषा ओलांडायला आपल्यालाही कोण अडवणार? त्यांनी रागात बोलून टाकलं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

म्हणून मागणी करायची तर ही करा: सरकारने नव्या कराराचा आपला मसुदा लिहून जगासमोर ठेवावा. त्यात दर काही वर्षांनी फेरतपासणीचं कलम असावं, गाळ सोडायचा हक्क असावा म्हणजे सलाल पुन्हा होणार नाही, वादाला एकच पंच असावा, आणि दहशतवाद झाला तर कुठली तरतूद किती काळ थांबेल तेही लिहिलेलं असावं. मसुदा असेल तर स्थगितीला अर्थ येतो. नसेल तर ती नुसतीच लोंबकळत राहते आणि जितकी लांबते तितकी 'तात्पुरता उपाय' म्हणून तिची बाजू मांडणं अवघड होत जातं.

करार कसला ते न बघता भांडायची ही खोड फक्त पाकिस्तानपुरती असती तर मी एवढं लिहिलं नसतं. ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, आणि ऐन हंगामात पारोळा-चोपड्याच्या कापूसवाल्याने 'परदेशाशी करार केले म्हणून भाव पडला' अशा शिव्या घातल्या. राग शंभर टक्के बरोबर, पत्ता चुकला. ती माफी म्हणजे कस्टमची साधी अधिसूचना होती, कोणत्याही दिवशी दुसऱ्या अधिसूचनेने काढता येणारी, तिच्यासाठी खासदाराच्या दारात बसता येतं. याउलट ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ पासून जो व्यापार करार लागू आहे त्यात वर्षाला ५१ हजार टन कापूस शुल्काशिवाय येऊ देण्याचं बंधन आहे, ते कोणी मंत्री मनात आलं म्हणून उचलू शकत नाही. आणि ते बांधून घेताना संसदेत मतदान लागत नाही. आपल्या घटनेत करार करणं हे सरकारचं काम, कायदा बदलायचा असेल तरच संसद, जमीन द्यायची असेल तर घटनादुरुस्ती, जशी पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीसाठी १९६० ला आणि बांगलादेशाच्या छिटमहलांसाठी, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या गावांसाठी, २०१५ ला करावी लागली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर १९९४ ला माराकेशमधे सही झाली तीही मतदानाशिवाय. जमिनीचा एक तुकडा द्यायचा तर घटना बदलावी लागते आणि कापसाचा बाजार द्यायचा तर एक सही पुरते, हे मला कधी पटलेलं नाही. ब्रिटनसोबत जुलै २०२५ ला सही झालेल्या व्यापार कराराचा मजकूर वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर पडलाय, फुकट डाउनलोड होतो. पानं भरपूर आहेत, सगळी वाचायला वेळ नसेल तर शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करा, बाहेर पडायचं कलम तिथे असतं.